विहीणबाईंच्या आजीच्या आजीचा शोध: अ‍ॅनापोलिस ते ईस्टव्हिल, सहा दिवस

मागच्या ऑक्टोबरात मुलीकडे मेरिलँडला होते तेव्हाची ही ट्रिप. आमच्या विहीणबाई, म्हणजे जावयाच्या आई, रिटायर्ड शाळाटीचर, काळ्या अमेरिकन. लग्नात मुलीने शिकवल्यापासून मला ताई म्हणतात, आणि गेली बारा वर्षं स्वतःच्या घराण्याचा शोध घेतायत. मी वसई तालुक्यात तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून रिटायर झाले, सगळी मिळून एकतीस वर्षं, वारस नोंदी, फेरफार, हक्कसोड, मृत्युपत्रं यातच आयुष्य गेलं. त्यामुळे त्या म्हणाल्या की ताई मी सहा दिवस कोर्टाची जुनी दप्तरं बघायला जातेय, येणार का, तेव्हा मुलगी म्हणाली आई तू बोअर होशील, पण मी बॅग भरायला घेतली पण होती.

पहिला दिवस, अ‍ॅनापोलिस

सकाळी साडेसातला निघालो, बरोबर थालीपिठं आणि त्यांचा थर्मास. रो बुलेवार्डवर मेरिलँड स्टेट अर्काइव्ह्जची बिल्डिंग आहे. पर्स, पेन, बाटली सगळं लॉकरमध्ये ठेवायचं, आत फक्त पेन्सिल आणि कागद.

आधी त्यांची अडचण सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांच्या वडिलांकडचं घराणं दक्षिण मेरिलँडमधल्या चार्ल्स काउंटीतलं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), तंबाखूच्या मळ्यांवर गुलाम असलेलं. आईकडचं घराणं व्हर्जिनियाच्या ईस्टर्न शोअरवरचं, ते लोक गुलामी चालू असतानासुद्धा बऱ्याच पिढ्या कायद्याने फ्री होते. आता वडिलांकडची बाजू शोधायला गेलं की १८७० ला भिंत लागते, कारण जनगणनेत सगळ्या काळ्या माणसांची नावं पहिल्यांदा १८७० ला आली. त्याआधी १८५० आणि १८६० ला गुलामांची वेगळी यादी केलेली आहे पण तिच्यात वर मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, बाई की पुरुष, रंग. नाव नाहीच. म्हणजे स्वतःच्या खापरपणजोबांचा बाप शोधायचा असेल तर ज्याच्या मालकीचा तो होता त्या माणसाचं मृत्युपत्र वाचायचं, त्याच्या बापाचं वाचायचं, त्याच्या सासऱ्याचं वाचायचं, आणि त्यात कुठे आपलं माणूस दिसतंय का बघायचं. हे त्यांनी गाडीत इतक्या शांतपणे सांगितलं की मला पाच मिनिटं काही बोलता आलं नाही.

मेरिलँडचं एक चांगलं आहे. इंग्रजांच्या कॉलनीच्या काळात मृत्यूनंतरचे सगळे कागद बघणारं एकच मोठं कोर्ट होतं, प्रेरोगेटिव्ह कोर्ट, ते १७७७ पर्यंत चाललं. कुठल्याही काउंटीत माणूस मेला तरी मृत्युपत्राची नक्कल तिथल्या वहीत उतरायची. त्यामुळे एखाद्या काउंटीचं कोर्ट जळलं तरी नक्कल शिल्लक. मी म्हणलं हे म्हणजे तलाठ्याकडचं दप्तर वाहून गेलं तरी जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूमला प्रत सापडावी तसंच.

आणि नुसतं मृत्युपत्र नाही, त्याच्यामागे इन्व्हेंटरी येते, म्हणजे घरातल्या प्रत्येक वस्तूची किंमत लावलेली यादी. तिच्या खाली मेलेल्याच्या जवळच्या दोन नातलगांच्या सह्या आणि दोन मोठ्या सावकारांच्या सह्या घ्यायचे. हे कळल्यावर मी खुर्चीत सरळच बसले. कारण मृत्युपत्रात माणूस वाट्टेल त्याला वगळतो, पण इथे नातलग म्हणून ज्याने सही केली तो नातलग असल्याचं कोर्टाच्या कागदावर आलं ना. बायकोचं माहेर कुठलं हे मृत्युपत्रात नसतं, आणि इथे सहीत तिच्या भावाचं आडनाव सापडून जातं.

दुपारपर्यंत त्या मालकाच्या घराण्याच्या तीन इन्व्हेंटऱ्या बघितल्या. १७६० च्या आसपासची एक अजून डोळ्यासमोर आहे. पिसांची गादी, वजनावर मोजलेली कथलाची ताटं, लोखंडी भांडं, जुनं खोगीर, गाई, डुकरं, आणि त्याच हातातल्या त्याच अक्षरात पुढच्या ओळीपासून माणसं. नाव, वय, पाउंड, शिलिंग. अकरा नावं होती. म्हाताऱ्या बाईच्या पुढे किंमत जवळजवळ नाहीच, आणि कामाचा तरुण पोरगा सगळ्यात महाग. विहीणबाई बोटाने एकेक नाव वाचत होत्या आणि प्रत्येक नाव स्वतःच्या वहीत उतरवत होत्या, आपलं असो नसो.

मग मृत्युपत्र. त्यात मुलीला दिलेल्या एका गुलाम मुलीचं नाव होतं आणि पुढे एक शब्द होता ज्याचा अर्थ वाढ. म्हणजे ही मुलगी आणि तिची पुढची वाढ. मला आधी कळलंच नाही, मला वाटलं व्याज वगैरे काहीतरी असेल. त्या म्हणाल्या ताई, वाढ म्हणजे तिला पुढे जी मुलं होतील ती. अजून जन्मालाच न आलेली मुलं मृत्युपत्रात वाटून टाकलेली. मी आयुष्यभर मृत्युपत्रं वाचलीयत, सख्ख्या भावांनी एकमेकांना एक गुंठा न सोडलेला बघितलाय, पण असलं वाक्य कधी वाचलं नव्हतं.

त्या अकरा नावातलं एक नाव त्यांच्या १८७० च्या खापरपणजोबांच्या नावाशी जुळतं. पण मधे शंभर वर्षं आहेत आणि नाव अगदी नेहमीचं आहे. त्यांनी पुढे फक्त प्रश्नचिन्ह काढलं आणि पान उलटलं. बारा वर्षं शोधणाऱ्या माणसाला इतका धीर कुठून येतो.

दुसरा दिवस, अ‍ॅनापोलिस आणि पुढे रिचमंड

सकाळचे चार तास परत तिथेच, एका केससाठी. ही केस दक्षिण मेरिलँडमधल्या पुष्कळ घराण्यांच्या शोधाचा पाया आहे.

एलेनॉर बटलर, सगळे तिला आयरिश नेल म्हणायचे. लॉर्ड बाल्टिमोर म्हणजे कॉलनीचा मालकच, त्याच्याकडे ती करारावर नोकर होती. १६८१ ला तिने चार्ल्स नावाच्या गुलामाशी लग्न ठरवलं. तेव्हा १६६४ चा कायदा असा होता की गोऱ्या बाईने गुलामाशी लग्न केलं तर नवरा जिवंत असेपर्यंत ती त्याच्या मालकाची गुलाम आणि मुलंही गुलाम. खुद्द बाल्टिमोरने तिला समजावलं की तू तुझ्या मुलाबाळांना गुलाम करतेयस, तर ती म्हणाली की तुमच्यापेक्षा मला चार्ल्सच बरा. कायदा त्याच साली बदलला, पण नेलची मुलं नातवंडं पतवंडं गुलामच राहिली.

पुढे १७६३ ला तिच्या वंशातल्या विल्यम आणि मेरी बटलर या जोडप्याने स्वातंत्र्यासाठी दावा लावला. आता गोऱ्या बाईचे वंशज असल्याचं सिद्ध कसं करणार? जन्मदाखला नाही, काही नाही. तर आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांच्या जबान्या घेतल्या. ऐंशी वर्षांपूर्वीच्या लग्नाबद्दल कोणी आईकडून ऐकलेलं, कोणी बापाकडून, नेल कशी होती, तिला मुलं किती, कुठली मुलगी कोणाकडे गेली. बाल्टिमोरला तिने दिलेलं उत्तरसुद्धा या जबान्यांमुळेच आज वाचायला मिळतं. म्हणजे नेलची वंशावळ ही तिच्या लोकांनी लिहिलेली नाही, ती शेजाऱ्यांच्या तोंडून कोर्टाच्या कारकुनाच्या कागदावर आली. गावात वारस नोंदीला पंचनामा करतो तेव्हा चार म्हातारे ओसरीवर बसून सांगतात ना की ह्याच्या आजोबाला दोन बायका होत्या, पहिलीचा एकच मुलगा, तो लहानपणीच गेला, अगदी तसंच वाटलं वाचताना.

१७७० ला ते जिंकले, १७७१ ला वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. मग त्यांची मुलगी, तिचंही नाव मेरी, तिने परत दावा लावला आणि १७८७ ला जिंकली. आणि कशावर जिंकली तर नेलवर त्या लग्नाबद्दल कधी कोर्टात गुन्हा शाबीत झाल्याची नोंदच नाही, म्हणून तिच्या वंशजांना गुलाम धरता येत नाही, या मुद्द्यावर. मी नोकरीत कागद नाही म्हणून लोकांचं वाटोळं झालेलं खूप बघितलं. कागद नाही म्हणून माणसं सुटली हे पहिल्यांदा बघितलं.

विहीणबाई बटलर घराण्यातल्या नाहीत. पण त्या जबान्यांमध्ये आजूबाजूच्या मळ्यांची आणि मालकांची नावं येतात म्हणून त्या दर वेळी वाचतात. आपलं माणूस आपल्या कागदात नसतं, ते दुसऱ्याच्या केसमध्ये असतं, असं त्या सारखं म्हणतात.

दुपारी निघालो, हायवेला भयानक ट्रॅफिक, रिचमंडला पोचेस्तोवर अंधार पडला.

तिसरा दिवस, रिचमंड

ब्रॉड स्ट्रीटवर लायब्ररी ऑफ व्हर्जिनिया आहे, स्थापना १८२३ ची. आत गेल्या गेल्या त्यांनी मला एक यादी दाखवली, ज्यांचं रेकॉर्ड गेलं त्या काउंट्यांची. काही कोर्टं आगीत गेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे तिकडच्या उत्तर दक्षिणच्या यादवीत, काही काउंट्यांनी आपली दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून मुद्दाम रिचमंडला आणून ठेवलेली, आणि एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचं सैन्य रिचमंड सोडून जाताना लागलेल्या आगीत तीच जळाली. ज्यांनी काळजी घेतली त्यांचंच गेलं. माझ्या एका जुन्या सजाचं, म्हणजे तलाठ्याकडच्या गावांचं, दप्तर २६ जुलैच्या पुरात भिजलेलं, आम्ही पानं वेगळी करून पंख्याखाली वाळवलेली, त्याची फार आठवण आली.

मग त्यांनी मला मृत्युपत्र वाचायचे खड्डे शिकवले, आणि हे खरंच सगळ्यांनी माहीत करून घेण्यासारखं आहे. सन इन लॉ लिहिलेलं असेल तर तो जावईच असेल असं नाही, त्या काळात सावत्र मुलालाही तेच म्हणायचे. कझिन म्हणजे बऱ्याचदा पुतण्या किंवा भाची. एकाच गावात सीनियर आणि ज्युनियर म्हणजे बापलेकच असं नाही, नुसते एकाच नावाचे एक मोठा एक लहान. ऑर्फन म्हणजे बाप मेलेला, आई घरात जिवंत असली तरी पोर अनाथच. आणि थोरला मुलगा मृत्युपत्रात दिसला नाही तर तो मेला किंवा बापाचं भांडण होतं असं समजायचं नाही, कारण वाटणी न केलेली जमीन कायद्यानेच थोरल्याकडे जायची, तर काहीजण त्याचं नाव लिहीतच नसत. व्हर्जिनियाने हा थोरल्याचा कायदा १७८५ ला काढला. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे, म्हणून बायकांची मृत्युपत्रं म्हणजे जास्त करून विधवांची.

आणि तारखा! १७५२ पर्यंत त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा बराचसा भाग जुन्याच सालात. हे माहीत नसेल तर पोर आईबापाच्या लग्नाआधी जन्मल्यासारखं दिसतं. मी म्हणलं यात नवल काय, आमच्याकडे पण पाडव्याला वर्ष बदलतं आणि कोकणात जुने लोक शक सांगतात, ते इसवी सनात आणताना ७८ मिळवायचे की ७९ हे महिना बघून ठरवायचं. त्यांनी ते लगेच वहीत लिहून घेतलं.

दुपारी त्यांनी मायक्रोफिल्मवर नॉर्थम्बरलँड काउंटीची एलिझाबेथ की ची केस लावली. बाप इंग्रज, थॉमस की, असेंब्लीचा मेंबर, आई आफ्रिकन. बापाने लहानपणी तिला नऊ वर्षांच्या करारावर ठेवलेलं, पण नऊची पुष्कळ जास्त झाली, आणि शेवटचा मालक मेल्यावर त्याच्या इस्टेटीत तिला गुलाम म्हणून धरायला लागले. तिने दावा लावला. एलिझाबेथ न्यूमन नावाच्या ऐंशी वर्षांच्या बाईने जबानी दिली की हिचा बाप थॉमस कीच. १६५६ ला ती जिंकली आणि तिची बाजू लढणाऱ्या विल्यम ग्रीनस्टेडशी तिने लग्न केलं. पण नंतर सहा वर्षांनी, १६६२ ला व्हर्जिनियाने कायदा केला की मूल फ्री की गुलाम हे आईवरून ठरणार. इंग्रजांच्या रीतीने सगळं बापावरून, इथे मुद्दाम उलटं, म्हणजे बाप कोणीही असला तरी गुलाम बाईचं पोर गुलाम. हा १६६२ लक्षात ठेवा, ईस्टव्हिलला लागणार आहे.

संध्याकाळी बंद व्हायला अर्धा तास राहिलेला, मी आपली जमिनीच्या पेटंटचा, म्हणजे सरकारकडून जमीन मिळाल्याच्या कागदांचा, इंडेक्स चाळत होते. तेव्हा जो कोणी खर्च करून माणूस कॉलनीत आणेल त्याला माणशी ५० एकर जमीन मिळायची, म्हणून जमिनीच्या कागदात आणलेल्यांची नावं असतात. जॉर्ज मेनिफी म्हणून जेम्सटाउनचा मोठा व्यापारी, त्याच्या १६३० च्या दशकातल्या पेटंटमध्ये एक नाव आहे: टोनी, ईस्ट इंडियन.

मी दोनदा वाचलं. म्हणजे आपल्याकडचा. शिवाजी महाराज लहान असताना आपल्या बाजूचा एक माणूस तिथे व्हर्जिनियात पन्नास एकरांचा हिशोब म्हणून लिहिलेला. कुठला, कोकणचा की बंगालचा की मलबारचा, काही नाही, टोनी हे नावसुद्धा कोणी ठेवलेलं. विहीणबाई म्हणाल्या असे बरेच आहेत, बहुतेक ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून आधी इंग्लंडला नेलेले आणि मग इकडे नोकर म्हणून आणलेले, मेरिलँड व्हर्जिनियाच्या कोर्टांमध्ये ईस्ट इंडियन म्हणून नोंदी आहेत, काहींनी स्वातंत्र्यासाठी दावेही लावले, आणि पुढच्या पिढ्यांना कारकून मुलाटो, म्हणजे मिश्र रक्ताचे, लिहून मोकळे झाले त्यामुळे माग संपतो. मी त्या रात्री हॉटेलात झोपले नाही नीट.

चौथा दिवस, पूल आणि समुद्र

नुसता प्रवास. जेम्सटाउन विल्यम्सबर्गच्या पाट्या बघत व्हर्जिनिया बीचपर्यंत आणि मग चेसापीक बे ब्रिज टनेल, १९६४ ला झालेला, जवळजवळ २८ किलोमीटर, मधे दोनदा रस्ता पाण्याखाली जातो. पलीकडे ईस्टर्न शोअर म्हणजे एका बाजूला खाडी आणि एका बाजूला अटलांटिक, मधे चिंचोळी सपाट जमीन, बटाट्याची शेतं, चिखल, बगळे. वसईकराला परकं वाटणारच नाही. केप चार्ल्सला मुक्काम, खेकडे खाल्ले, त्यांना आपल्या कालवांच्या सुक्क्याचं वर्णन ऐकवलं.

पाचवा दिवस, ईस्टव्हिल

ईस्टव्हिल एवढंसं गाव आहे. हिरवळीवर १७३१ चं विटांचं जुनं कोर्ट, बाजूला जुनं क्लार्क ऑफिस आणि कर्जबुडव्यांची कोठडी. १७३१ म्हणजे चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याच्या आठ वर्षं आधीचं. पण खरी दौलत इमारत नाही. नॉर्थहॅम्प्टन काउंटीच्या कोर्टाचं दप्तर १६३२ पासून सलग आहे, इंग्रजांच्या अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सलग कोर्ट रेकॉर्ड. ना जळलं, ना हरवलं.

आणि म्हणूनच इथल्या पहिल्या फ्री काळ्या कुटुंबांबद्दल इतकं माहीत आहे. अँथनी जॉन्सन, १६२१ ला व्हर्जिनियात आलेला तेव्हा नोंद नुसती अंतोनियो अशी. पुढे सुटला, लग्न केलं, १६५१ ला २५० एकर मिळवली. १६५५ च्या मार्चमध्ये, वहीत जुन्या हिशोबाने १६५४ लिहिलेलं, याच कोर्टात त्याने गोऱ्या शेजाऱ्यावर दावा लावला आणि जॉन केसर नावाचा काळा माणूस जन्मभरासाठी माझा आहे असा निकाल मिळवला. केसर सांगत होता की माझा सात आठ वर्षांचा करार होता, तो कधीच संपला. विहीणबाई यावर म्हणाल्या की मला दोघांचंही दुःख होतं, पण केसरचं जास्त, कारण त्याच्या बाजूने बोलायला कोणी वंशज येत नाही.

दुसरा माणूस इमॅन्युएल ड्रिगस. याचं आडनाव जुन्या नोंदीत रोड्रिगस दिसतं. त्यांनी हे वाचून दाखवलं आणि मी ओरडलेच, अहो रॉड्रिग्ज! आमच्या वसईत गल्लोगल्ली रॉड्रिग्ज, परेरा, लोपीस, माझ्या सजात निम्मे सातबारे या नावांचे. पोर्तुगीज अंगोलात होते आणि तेच पोर्तुगीज वसईत, दोन्हीकडे बाप्तिस्मा देऊन आपली नावं ठेवली. अंगोलाकडून आलेल्या माणसाचं नाव इंग्रज कारकुनाने ऐकून ड्रिगस केलं. विहीणबाईंना हे माहीत होतं की नाव पोर्तुगीज आहे, पण तीच नावं भारतात माझ्या ओळखीच्या माणसांची आहेत हे माहीत नव्हतं. मी फोनमध्ये आमच्या शेजारच्या लग्नाची पत्रिका होती ती दाखवली. त्या किती वेळ त्या पत्रिकेकडेच बघत होत्या.

या ड्रिगसकडच्या दोन लहान मुली, एलिझाबेथ आणि जेन, यांचा मालकाकडच्या मुदतीचा करार १६४५ ला कोर्टात नोंदवलेला आहे आणि १६५२ ला त्याने पैसे भरून जेनला सोडवलं. एलिझाबेथला मागे ठेवून. फ्रान्सिस पेन म्हणून आणखी एक, त्याचं १६७३ चं मृत्युपत्र आहे, सगळं बायको एमीला, तीच एक्झिक्युटर, आणि धर्ममुलांना प्रत्येकी एक कालवड. मृत्युपत्र म्हणजे काय हे मला कोणी विचारलं तर मी आता हे दाखवीन.

मग त्यांचं घराणं. आडनाव इथे लिहीत नाही, त्यांचे बरेच नातेवाईक तिकडे आहेत. छापील सारांशात त्यांनी हे आधी वाचलेलं, पण पानं पहिल्यांदाच बघत होत्या. तिन्ही नोंदी कोर्टाच्या ऑर्डर बुकातल्या, मृत्युपत्रात या बायकांचं नावही नाही.

पहिली नोंद: एका गोऱ्या नोकर बाईला मुलाटो मूल झालं म्हणून कोर्टात उभं केलं. तेव्हाचा दंड १५ पाउंड, नाहीतर पाच वर्षांसाठी तिला विकायचं. १५ पाउंड कुठून आणणार ती. आणि मुलगी चर्चवॉर्डननी, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांनी, एका मळेवाल्याकडे बांधून दिली, वयाच्या ३१ वर्षांपर्यंत. दुसरी नोंद साधारण वीस वर्षांनी: त्या मुलीला चाकरीत असतानाच मुलगी झाली, आणि १७२३ च्या कायद्याने तिलाही ३१ पर्यंत तिथेच राहायचं. तिसरी नोंद तिच्या मुलीची, १७६५ नंतरची, तोपर्यंत कायदा बदलून मुलींना १८ पर्यंतच ठेवायचं ठरलेलं, म्हणून तिच्यापुढे १८.

तीन पिढ्या, तीन ओळी. मी एकतीस वर्षं नोकरी केली, पगार घेऊन, संध्याकाळी घरी जाऊन. ती पहिली मुलगी चार वर्षांची होती.

पण मला जे दिसलं ते वेगळंच होतं आणि ते मी त्यांना पायऱ्यांवर बसून सांगितलं. या प्रत्येक नोंदीत आईचं नाव आहे. बाप कुठेच नाही. कारण १६६२ चा कायदा, मूल कोणाच्या मालकीचं किंवा किती वर्षांचं हे आईवरून ठरायचं, म्हणून कारकुनाला आईचं नाव लिहावंच लागे. माणसांना बांधून ठेवण्यासाठी लिहिलेली नावं, आणि त्यांच्यावरूनच आज या बाईला आईची आई, तिची आई असं सरळ मागे जाता येतं. आणि मी? मी शेकडो वंशावळी लिहिल्या. बापाखाली मुलगे, मुलग्यांखाली मुलगे, मुलींना एकेक रेघ आणि पुढे हक्कसोड. १९९४ ला महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जितात हक्क आला, २००५ ला देशभर आला, तेव्हापासून मुलींची नावं लिहिणं वाढलं, पण आईचं माहेर, आजीचं माहेरचं नाव कधीच कोणी विचारलं नाही, मीही नाही. विचारायचा रकानाच नव्हता. असता तर विचारलं असतं का मी? मला माहीत नाही.

विहीणबाई काही बोलल्या नाहीत, माझा हात धरून बसल्या. मग म्हणाल्या, ताई, तुमच्या आईच्या आईचं नाव काय? मी सांगितलं, भागीरथी. आणि तिच्या आईचं?

सहावा दिवस, अ‍ॅकोमॅक, प्रिन्सेस अ‍ॅन, घर

सकाळी अ‍ॅकोमॅकला थांबलो, ही काउंटी नॉर्थहॅम्प्टनपासून १६६३ ला वेगळी झाली, त्यांच्या घराण्याची एक शाखा इकडे सरकलेली. दोन तासात एकच गोष्ट मिळाली, एका मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून त्यांच्या आडनावाच्या माणसाची खूण. सही नाही, खूण, फुलीसारखी पण एका टोकाला वळवलेली. पुढे मागे परत ती खूण दिसली तर तोच माणूस म्हणून ओळखता येईल असं म्हणून त्यांनी ती चार वेळा काढून बघितली. आमच्या जुन्या दस्तांवर नांगर, तराजू, कट्यार अशी निशाणी असायची ते त्यांना सांगितलं.

मग मेरिलँडची हद्द ओलांडून सॉमरसेट काउंटी. अँथनी जॉन्सन म्हातारपणी बायकोमुलांना घेऊन इकडेच आला, इथेच १६७० ला गेला. तो गेल्यावर व्हर्जिनियात ज्युरीने ठरवलं की तो काळा म्हणजे परका, सबब तिकडे राहिलेली त्याची जमीन राजाला जाते. आणि १६७७ ला त्याच्या नातवाने इथे ४४ एकर घेतली आणि जमिनीला नाव दिलं अंगोला. जे गाव त्याने कधी बघितलं नाही त्याचं. प्रिन्सेस अ‍ॅनच्या बाहेर गाडी बाजूला घेऊन आम्ही दहा मिनिटं नुसती शेतं बघितली, कुठलं अंगोला ते काही कळण्यासारखं नव्हतं, मक्याची कापणी झालेली होती.

तिथूनच मी मामाला फोन लावला, वसईला तेव्हा रात्रीचे साडेअकरा, त्याला झोपेतून उठवला. म्हणलं मामा, भागीरथी आजीच्या आईचं नाव काय? तो म्हणाला काय झालं, कोणी गेलं का? म्हणलं नाही रे, नुसतं नाव हवंय. बराच वेळ शांत. मग म्हणाला, आजी तिला बय म्हणायची. बस, बय. माहेर बहुतेक आगाशीकडचं. निर्मळच्या मावशीला ठाऊक असेल, ती ब्याण्णव वर्षांची आहे, उद्याच जातो.

विहीणबाईंनी विचारलं काय म्हणाले, मी सांगितलं. त्यांनी मागच्या सीटवरची वही घेतली, कोरं पान काढलं, सगळ्यात खाली माझ्या मुलीचं नाव लिहिलं, वर माझं, वर आईचं, वर भागीरथी, आणि त्याच्यावर पेन्सिलीने, माझ्याकडून दोनदा म्हणून घेऊन, त्यांच्या लिपीत बय. पुढे प्रश्नचिन्ह.